शेतावर चार दिवस, रांधणं आपलं आपण

मुरबाड तालुक्यातल्या एका शेतघरी आम्ही पहिल्यांदा गेलो ते जुलैत, ऐन लावणीच्या दिवसांत. जेवण त्यांच्याकडेच सांगितलं होतं. दुपारी एकच्या सुमारास घरातल्या मावशी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या पायांनी बांधावरून धावत आल्या, पाय धुतले आणि आम्हा सहा जणांच्या भाकऱ्या थापायला बसल्या. पहाटे पाचला उठलेली बाई, सकाळभर वाकून रोपं लावत होती. आम्हाला वाढून झाल्यावर दोन घास उभ्याउभ्या खाऊन त्या परत खाचरात गेल्या. भाकरी फार चवदार होती, पण घशाखाली उतरेना.

तेव्हापासून आम्ही शेतावर जातो ते आपलं आपण रांधायच्या बोलीवर. लोक पर्यावरणपूरक सहल म्हणतात तेव्हा सौरदिवे आणि बांबूच्या झोपड्या डोळ्यांसमोर येतात. त्या असल्या तर चांगलंच. पण कसत्या शेतावर राहायचं तर आधी पाहायचं ते एवढंच, की आपल्या येण्याने त्या घराचं पाणी, सरपण आणि बाईमाणसांचे हात यांवर किती भार पडतो. तो कमी कसा ठेवायचा, हे गेल्या काही वर्षांत जसं शिकलो तसं इथे सांगते.

महिना कुठला निवडायचा

मुंबईच्या भोवतालची शेती म्हणजे मुख्यतः भात. शहापूर, मुरबाड, कर्जत, वाडा, जव्हार, सगळीकडे वर्ष भाताभोवती फिरतं. ते वेळापत्रक माहीत असलं की कधी जायचं आणि कधी जाऊ नये, हे आपोआप कळतं.

उन्हाळ्यात राब भाजतात, म्हणजे रोपं करायच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून जाळतात. पहिल्या पावसावर तिथे पेरणी. तीन-साडेतीन आठवड्यांनी रोपं उपटून मुठी बांधायच्या, चिखलणी झालेल्या खाचरात लावायच्या. जुलैतले हे तीन-चार आठवडे घरात कोणालाही श्वास घ्यायला वेळ नसतो. जायचंच असेल तर कामाला जा, पाहुणचाराला नको. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बेणणी, म्हणजे तण काढणं, संपत आलेली असते, डोंगर हिरवेगार असतात, घरचे जरा मोकळे असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हाच काळ सुचवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि झोडणी. तेव्हाही धांदल असते, पण खळ्यावर शहरातल्या माणसालाही करता येण्याजोगी कामं निघतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा रांधणाऱ्यांचा खरा हंगाम. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरलेले असतात, शेंगा भरायला लागतात आणि रायगडात पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला ठासायचा. पाण्याचा थेंबही नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा-पालापाचोळा पेटवायचा. अर्ध्या-पाऊण तासात शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. तेल नाही, पाणी नाही, भांडी घासायची नाहीत. याहून पर्यावरणपूरक स्वयंपाक मला तरी माहीत नाही. फक्त पेटवायची जागा घरच्यांनाच विचारून ठरवा आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा, कारण तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

एप्रिल-मे मात्र शक्यतो टाळा. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ पासून आपल्याला पाणी देतंय. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. अशा दिवसांत आपण तिथे जाऊन बादल्यांनी अंघोळी करायच्या, हे मला बरोबर वाटत नाही. मे महिन्यात जायचंच असलं तर बारमाही विहीर किंवा बोअर आहे का, हे विचारल्याशिवाय ठरवू नका.

फोनवर काय विचारायचं

राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं आणि त्याखाली पर्यटन संचालनालय शेतकऱ्यांना नोंदणीचं प्रमाणपत्र देतं. प्रमाणपत्र असलं तर उत्तम, पण तेवढ्यावर थांबू नका. जाहिरातीत पोहण्याचा तलाव आणि रेन डान्स दिसला तर ते फार्महाऊस समजा. तिथली सुट्टी वेगळी, तिच्याशी या लेखाचा संबंध नाही. मी पहिला प्रश्न विचारते तो हा: "दादा, सध्या शेतात काय चाललंय?" खऱ्या शेतकऱ्याला या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही, तो दहा मिनिटं बोलत राहतो.

मग रांधण्याचं. हे नीट बोलून घ्यावं लागतं, कारण आपल्याकडे शेतावरची बहुतेक ठिकाणं जेवणासकट दर सांगतात आणि जेवणाचे पैसे हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग असतो. आपण रांधायचं म्हटलं की त्यांना वाटतं, हे लोक पैसे वाचवायला बघतायत. म्हणून मी असं सांगते: "चूल किंवा शेगडी द्या, रांधू आम्हीच. तांदूळ, भाजी, दूध, अंडी, सरपण सगळं तुमच्याकडूनच विकत घेऊ. आणि एक जेवण तुमच्या हातचं, तुम्हाला सोयीचं असेल त्या वेळी." एवढं बोललं की गैरसमज राहत नाही. बहुतेक वेळा पलीकडून वहिनी फोन घेतात आणि आपल्यालाच विचारतात, "चुलीवर जमेल ना तुम्हाला?"

त्यांनाच पुढचं विचारा. वेगळी चूल आहे का, की त्यांच्याच स्वयंपाकघरात वाटणी करायची? पावसाळ्यात गॅसची शेगडी मिळेल का? भांडी कोणती आहेत? मांस-मासे चालतात का, आणि कोणत्या वारी चालत नाहीत? शौचालय कसलं आहे? शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण त्यावर बरंच अवलंबून असतं.

गाडी घरीच ठेवा

कर्जत, खोपोली, आसनगाव, कसारा, डहाणू रोड, लोकल इथपर्यंत जाते. शहापूरसाठी आसनगावला उतरायचं. मुरबाडला कल्याणहून एसटी आहे. अलिबागकडे जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट. गेटवेहून सुटणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, हे लक्षात ठेवा. पुढचा तुकडा टमटमने. शेवटची टमटम किती वाजता असते हे आधीच विचारून ठेवा, कारण अंधार पडल्यावर ती बहुधा मिळत नाही. एक ताकीद: लोकलमध्ये गॅसचा सिलिंडर नेता येत नाही, लहानसुद्धा नाही. चूल नको म्हणून कोणी सोबत घेत असेल तर थांबवा.

पिशवीत काय

चार माणसं, दोन रात्री, म्हणजे साधारण पाच जेवणं आणि दोन नाश्ते. तांदूळ दोन किलो पुरतो, पण तो नेऊ नका, तिथे घ्या. वाड्याकडे गेलात तर वाडा कोलम त्याच मातीतला मिळतो. अलिबागला फेब्रुवारीपासून पांढऱ्या कांद्याच्या माळा लागतात, घोलवड-डहाणूला चिकू. या तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे. दादरच्या बाजारात याच नावांनी काय काय विकलं जातं हे पाहिलेल्या माणसाला बांधावर उभं राहून घेण्याचा आनंद सांगायला नको. तांदळाचं पीठ, नाचणी, वाल, अंडी, दूध, ताक, लिंबं, मिरच्या, तिथे जे असेल ते तिथूनच.

मुंबईहून न्यायचं ते एवढंच: अर्धा किलो डाळ, पाव लिटर तेल, गोडा मसाला, हळद-तिखट-मीठ, चहा-साखर, शेंगदाण्याचं कूट, थोडं सुकं खोबरं, आणि सुके बोंबील-जवळा खाणारे असाल तर तेही. सगळं घरीच स्टीलच्या डब्यांत किंवा बरण्यांत काढून न्या आणि वेष्टनं मुंबईतल्या कचऱ्यात टाका. पाड्यावर बहुधा घंटागाडी येत नाही. तिथे टाकलेली चिप्सची पिशवी एकतर चुलीत जळते नाहीतर ओढ्यात जाते. कापडी पिशव्या, जुनी चादर, प्रत्येकाची पाण्याची बाटली, विजेरी आणि मच्छरदाणी घ्या. ताट-वाट्या तिथे कमी असतील तर घरच्या न्या, वापरून फेकायच्या नकोत. सुटे पैसेही असू द्या, नेट प्रत्येक पाड्यावर नसतं.

जेवणाचा बेत आधी पक्का करू नका. आमच्यातल्या एकाने एकदा घरूनच पाच जेवणांची यादी केली, फ्लॉवर-ढोबळी मिरची घेऊन आला, आणि तिथे बांधावर टाकळा-कुर्डू माजलेला. रानभाज्यांचं मात्र एक पथ्य पाळा. आपल्याला ओळखता येते असं वाटलं तरी घरच्या माणसाला दाखवल्याशिवाय तोडू नका. शेवळं पावसाच्या तोंडावर येतात, फार रुचकर असतात, पण त्यात काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घातली नाहीत तर घसा असा खाजतो की रात्रभर झोप नाही. ती करायची रीत तिथल्याच बाईकडून समोर बसून शिकावी.

पाणी

शौचालय बहुधा दोन खड्ड्यांचं असतं. तिथे दीड-दोन लिटर पाणी पुरतं, घरच्या फ्लशसारखी बादली ओतायची गरज नसते. जास्त पाण्याने खड्डा लवकर भरतो. अॅसिड, फिनाईल टाकू नका, कारण मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. ओले रुमाल, पॅड, डायपर आत टाकायचे नाहीत. ते गुंडाळून आपल्यासोबत परत.

अंघोळ एका बादलीत. भांडी राख आणि नारळाच्या काथ्याने घासा. राखेनेही तेलकटपणा चांगला निघतो आणि ते पाणी निर्धास्तपणे केळीच्या बुंध्याशी ओतता येतं. साबणाचे कपडे विहिरीच्या कठड्यावर किंवा ओढ्यात धुऊ नका. खरं तर दोन दिवसांत कपडे धुवायची गरज नसते. पिण्याचं पाणी रात्री शेवटच्या निखाऱ्यांवर उकळून ठेवा, सकाळी गार झालेलं असतं. धारेचं दूधही उकळल्याशिवाय मुलांना देऊ नका.

चूल

बहुतेक मुंबईकर इथे अडतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

सरपण वाळलेलं हवं. दोन काटक्या एकमेकींवर आपटल्या की टणटणीत आवाज आला पाहिजे, भद्द वाजलं तर ती बाजूला ठेवा. घरच्यांनी पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली मोळी न विचारता उचलू नका. ती मोळी डोक्यावरून आलेली असते. पैसे ठरवून घ्या. पेटवताना रॉकेल नको. तळाशी वाळला पाला किंवा नारळाची शेंडी, त्यावर बोटाएवढ्या काटक्या उभ्या-आडव्या, मध्ये हवेला वाट. त्या धडधडल्या की मगच मनगटाएवढी लाकडं, तीही दोन किंवा तीनच. नवखा माणूस चूल लाकडांनी गच्च भरतो, मग धूर होतो, मग डोळे चोळत फुंकणी फुंकत बसतो. धूर म्हणजे वाया गेलेलं लाकूड. लाकूड पुढे सरकवायचं की मागे ओढायचं, यावर आच ठरते. ते हाताला लागायला एक दिवस जातो.

भांडी चुलीवर चढवण्याआधी बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ लेप द्या. काजळी लेपावर बसते आणि धुताना लेपासकट निघून जाते. हे मला मावशींनी शिकवलं, तोवर मी अर्धा तास पातेलं घासत होते.

एका जाळात सगळं व्हायला हवं, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चहा. मग डाळ, जी तासभर आधी भिजत घातलेली असावी. वाल, मूग तर रात्रीच भिजवायचे. शेजारच्या वैलावर, म्हणजे चुलीच्या जोडतोंडावर, अंघोळीचं पाणी आपोआप तापत राहतं. डाळ उतरली की भात. भाताला एक उकळी येऊन पाचेक मिनिटं झाली की घट्ट झाकण लावून पातेलं उतरवा आणि जुन्या चादरीत, वरून गोधडीत गुंडाळून ठेवा. पाऊण तासात भात मोकळा शिजतो, एकही लाकूड जास्त न जाळता. तोवर चुलीवर भाकऱ्या. तांदळाची भाकरी करायची तर पीठ उकळत्या पाण्यात उकडून मळा, नाहीतर थापताना चिरते. तव्यावरून काढली की निखाऱ्यांसमोर उभी करा, फुगते. शेवटी त्याच निखाऱ्यात वांगं, कांदा, सुका बोंबील भाजा. जेवणं होईपर्यंत उरलेल्या धगीवर पिण्याचं पाणी उकळतं.

नायलॉनची ओढणी, गाऊन घालून चुलीपाशी बसू नका. दार-खिडकी उघडी ठेवा. झोपण्याआधी निखारे विझवून त्यावर राख ओढा.

उष्टं, साली आणि गोठा

याबाबत आमच्या हातून घडलेलं सांगायलाच हवं. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला आम्ही भाजीच्या साली प्लास्टिकच्या पिशवीत भरून ओट्यावर ठेवल्या, सकाळी खड्ड्यात टाकू म्हणून. रात्री दावं सुटलेली गाय पिशवीसकट खाऊन गेली. दोन दिवस ती चारा खाईना. घरचे काका रात्र रात्र तिच्यापाशी बसून होते, गुरांच्या डॉक्टरांना दोनदा बोलावलं. गाय सावरली, पण काकांनी आम्हाला एक शब्दही बोललं नाही, ते जास्त लागलं. त्यानंतर आम्ही शेतावर प्लास्टिकची पिशवी नेतच नाही.

ओला कचरा झाकणाच्या बादलीत ठेवायचा आणि उकिरड्यात कुठे टाकायचा ते विचारायचं. कोंबड्यांना काय द्यायचं, गुरांना काय, हे घरच्यांनीच ठरवावं. उरलेला भात, पोळ्या प्रेमाने गाईला घालतात लोक. एकदम जास्त शिजलेलं धान्य पोटात गेलं की गुराच्या पोटात आम्ल वाढतं आणि ते आजारी पडतं, कधी दगावतंही. मुलांना हे निघण्याआधीच समजावून सांगा. सुका कचरा सगळा आपल्यासोबत मुंबईला.

शेतात पाय टाकताना

लावणी-कापणीत हात लावायचा असेल तर आदल्या रात्री विचारा आणि सकाळी त्यांच्या वेळेला तयार राहा. दहा वाजता उठून "आम्हाला पण शिकवा" म्हणालात तर त्यांचं काम थांबतं. बांधावरून चाला, बांधावर उड्या मारू नका, तो फुटला तर खाचराचं पाणी निघून जातं. झाडावरचं फळ, मग ती कैरी का असेना, विचारून.

चिखलात उतरण्याआधी पायावर जखम, खरचटलेलं आहे का बघा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो उंदीर-गुरांच्या मुतातून पसरतो. जखम असेल तर उतरू नका. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना शेतात उतरल्याचं आवर्जून सांगा.

रात्री विजेरीशिवाय बाहेर पडायचं नाही, सकाळी चपला-बूट झटकूनच घालायचे, सरपणात डोळे झाकून हात घालायचा नाही. मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसालाच बहुधा चावतो, म्हणून मच्छरदाणी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या. साप चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढा, तो हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष तिथे मिळतं. कोकणात लाल विंचूही असतो. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरतं, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं आणि असंख्य जीव वाचले. विंचू चावला म्हणून घरी कांदा चोळत बसू नका, लगेच निघा. जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे, तिथे जायला गाडी कोणाची, हे पोचल्यावर पहिल्या तासातच विचारून ठेवा.

आणि मे अखेर-जूनमध्ये काजव्यांसाठी गेलात तर ओट्यावरचे दिवे मालवा. काजवे एकमेकांना उजेडानेच साद घालतात, आपल्या दिव्यात त्यांना जोडीदार दिसत नाही.

निघायच्या दिवशी

हिशेब आदल्या संध्याकाळी करा, सकाळच्या घाईत नको. तांदूळ, दूध, अंडी, भाजी, सरपण, सगळं वहीत लिहिलेलं असू द्या, आणि घासाघीस करू नका. दादरला ज्या भावाने घेता त्याहून कमी तर मुळीच देऊ नका. घरी न्यायला म्हणून पाच-दहा किलो तांदूळ घ्या. व्यापाऱ्याला घालण्यापेक्षा त्यांना दोन पैसे जास्त मिळतात आणि आपल्याला महिनाभर नव्या तांदळाचा वास येतो.

सकाळी चुलीतली राख काढून त्यांच्या राखेच्या डब्यात भरा, जागा झाडून घ्या, जमीन सारवलेली असेल तर पाण्याने पुसू नका. जेवढं सरपण वापरलं त्यातल्या निदान बारीक काटक्या वेचून चुलीशेजारी रचून ठेवा. हंडा-कळशी भरून ठेवा, म्हणजे शेतातून आलेल्या मावशींना लगेच विहिरीवर जावं लागणार नाही. सुक्या कचऱ्याची पिशवी खांद्याला लावा. आणि टमटम यायच्या आधी चहा करा, या वेळी सगळ्या घराला पुरेल एवढा, आणि तो बांधावर नेऊन द्या.